देश आधी की पक्ष? अमेरिकेतली देशभक्ती आणि तिथली दुफळी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळ्यात भारतातून कुणाचे तरी आईवडील येतात, ऑगस्टमध्ये नवे विद्यार्थी येतात, आणि निवडणुकीच्या वर्षी तर सगळेच विचारतात. वर्षानुवर्षं फोनवर, पत्रांतून आणि जेवणाच्या ताटावर मला जे प्रश्न आले, त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत. मी अमेरिकेची नागरिक आहे आणि या देशाविषयी मला मनापासून आस्था आहे. जिथे माझं मत आहे तिथे ते मत म्हणूनच सांगितलं आहे.

१. अमेरिकेत ‘पेट्रियट’ म्हणजे नक्की कोण? आपल्या ‘देशभक्त’ या शब्दाचा तोच अर्थ का?

अर्थ जवळचा आहे, पण मुळं वेगळी आहेत. १७७० च्या दशकात इंग्लंडच्या राजाविरुद्ध जे उभे राहिले ते पेट्रियट आणि राजाच्या बाजूने राहिले ते लॉयलिस्ट, म्हणजे राजनिष्ठ. दोघेही एकाच गावचे, कधी एकाच घरातले. बेंजामिन फ्रँकलिन बंडाचे पुढारी होते आणि त्यांचा मुलगा विल्यम न्यू जर्सीचा राजाने नेमलेला गव्हर्नर होता. बापलेकांत पडलेली तेढ शेवटपर्यंत मिटली नाही. युद्धानंतर हजारो राजनिष्ठ कुटुंबं कॅनडाकडे निघून गेली. म्हणजे हा शब्द या भूमीत रुजला तोच सत्तेला नाही म्हणणाऱ्यांचं नाव म्हणून.

दुसरी गोष्ट अशी की हा देश एका भाषेवर, एका धर्मावर किंवा एका वंशावर बांधलेला नाही. तो बांधला आहे ४ जुलै १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि १७८७ मध्ये लिहिलेली राज्यघटना या दोन कागदांवर. ‘सगळी माणसं समान जन्माला आली आहेत’ हे वाक्य लिहिणारे थॉमस जेफरसन स्वतः माणसांचे मालक होते. वचन आणि वागणूक यांतली ही फट पहिल्या दिवसापासूनची आहे, आणि आजचे पक्ष भांडतात त्यातलं बरंचसं भांडण याच फटीवरून आहे (प्रश्न ५ पाहा).

२. नागरिक होताना, सैन्यात जाताना शपथ कुणाच्या नावाने घेतात? राष्ट्राध्यक्षांशी निष्ठेची असते का?

नाही. शपथ राज्यघटनेची असते. राष्ट्राध्यक्ष स्वतः तिचं ‘जतन, संरक्षण आणि रक्षण’ करण्याची शपथ घेतात. साध्या शिपायाच्या शपथेत राष्ट्राध्यक्षांचे हुकूम नियमांप्रमाणे पाळण्याचा उल्लेख आहे, पण त्याआधी राज्यघटना येते. सैन्यातल्या अधिकाऱ्याच्या शपथेत तर राष्ट्राध्यक्षांचा उल्लेखच नाही.

मी शपथ घेतली त्या दिवशी दारातच ग्रीन कार्ड काढून घेतलं गेलं. प्रत्येक खुर्चीवर एक लिफाफा आणि वीतभर काठीचा छोटा झेंडा ठेवलेला होता. शेजारच्या खुर्चीत एक वयस्कर गृहस्थ होते. उजवा हात वर धरताना तो थरथरत होता, म्हणून डाव्या हाताने त्यांनी कोपराला आधार दिला होता. ‘अंतर्गत आणि बाहेरच्या सर्व शत्रूंपासून’ हे शब्द आम्ही दोघांनी आपापल्या उच्चारांत म्हटले. कुठल्याही माणसाचं नाव त्या शपथेत नव्हतं. पुढे कुठल्याही पक्षाच्या भाषणात ‘राष्ट्राध्यक्षांना विरोध म्हणजे देशाला विरोध’ असा सूर लागला, की मला तो कोपर आठवतो.

३. एवढ्या मोठ्या देशात दोनच पक्ष का?

मुख्य कारण मतमोजणीची पद्धत. मतदारसंघात ज्याला सर्वांत जास्त मतं तो जिंकतो, बाकीच्यांच्या हाती काही लागत नाही. १९९२ मध्ये रॉस पेरो यांना अपक्ष म्हणून जवळपास १९ टक्के मतं मिळाली, पण राष्ट्राध्यक्ष ठरवणाऱ्या ५३८ निर्वाचक मतांपैकी एकही नाही. (ही मतं राज्याराज्यांत वाटलेली असतात, आणि बहुतेक राज्यांत पहिला आलेल्यालाच तिथली सगळी मिळतात.) भारतातही जास्त मतांचाच विजय होतो, पण आपल्याकडे राज्याराज्यांचे पक्ष खोल रुजलेले आहेत आणि पंतप्रधान संसदेतून ठरतो, त्यामुळे लहान पक्षालाही किंमत राहते. राज्यघटना लिहिणाऱ्यांना पक्ष नकोच होते. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७९६ च्या निरोपाच्या पत्रात पक्षभावनेच्या धोक्याबद्दल कळकळीने लिहिलं होतं. तेव्हा त्यांच्याच मंत्रिमंडळातल्या माणसांचे दोन तट पडून गेले होते.

४. रिपब्लिकन लाल आणि डेमोक्रॅट निळे, हे कधी ठरलं?

कुणी ठरवलं नाही. २००० पर्यंत वेगवेगळ्या वाहिन्या वेगवेगळे रंग वापरत, कधी उलटेसुद्धा. त्या वर्षी निकाल पाच आठवडे लटकला, तोच नकाशा रोज पडद्यावर दिसत राहिला, आणि रंग चिकटले. मला हे नकाशे आवडत नाहीत. ‘लाल’ टेक्सासमध्ये लाखो डेमोक्रॅट राहतात आणि ‘निळ्या’ कॅलिफोर्नियात लाखो रिपब्लिकन. नकाशा त्यांना पुसून टाकतो.

५. दोन्ही पक्षांची देशभक्ती वेगळी असते का? की एकाची जास्त, दुसऱ्याची कमी?

सगळ्यांत जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, म्हणून थोडं सविस्तर.

आकडे पाहिले तर फरक मोठा दिसतो. गॅलप ही संस्था २००१ पासून ‘अमेरिकन असल्याचा तुम्हाला किती अभिमान आहे?’ असं विचारते. २०२५ मध्ये ५८ टक्के लोकांनी ‘अत्यंत’ किंवा ‘खूप’ असं उत्तर दिलं. इतक्या वर्षांतला हा नीचांक. रिपब्लिकनांमध्ये हे प्रमाण ९२ टक्के होतं, डेमोक्रॅटांमध्ये ३६ टक्के. व्हाइट हाउसमध्ये कोण आहे याचा परिणाम असतोच, पण दोन्हीकडे सारखा नाही. राष्ट्राध्यक्ष डेमोक्रॅट असतानाही रिपब्लिकनांचा अभिमान फारसा घसरला नव्हता, उलट बाजूची घसरण मात्र खूप आहे.

म्हणून डेमोक्रॅटांचं देशावर प्रेम नाही असं म्हणायचं का? मी म्हणणार नाही. प्रश्न अभिमानाचा विचारला आहे. अभिमान जे आहे त्याचा वाटतो. माणूस राबतो, मोर्चे काढतो, निवडणुकीत पायपीट करतो ते जे व्हायला हवं त्यासाठीही.

ढोबळपणे सांगायचं तर रिपब्लिकन घरांत देशभक्तीचा सूर कृतज्ञतेचा असतो. पूर्वजांनी, सैनिकांनी, देवाने हे दिलं, ते जपायचं. लष्करी अंत्यविधीत शवपेटीवरचा झेंडा शांतपणे, घडीवर घडी घालत त्रिकोणी करतात, आणि एक सैनिक गुडघ्यावर बसून तो घरच्यांच्या हातात देतो. त्या घराला कुणी म्हटलं की हा देश मुळातच अन्यायावर उभा आहे, तर ते किती खोल लागतं हे समजून घ्यायला हवं. डेमोक्रॅट घरांत सूर अपुऱ्या वचनाचा असतो. दिलेला शब्द अजून सगळ्यांपर्यंत पोचलेला नाही, तो पोचवणं हीच देशसेवा. ज्या घरातल्या आजीला काळी म्हणून दक्षिणेत मतदान करू दिलं गेलं नव्हतं, त्या घराला ‘सतत तक्रार का करता?’ असं विचारणंही तितकंच लागतं.

हे दोन सूर एकाच माणसात असू शकतात. फ्रेडरिक डग्लस हे गुलामीतून पळून आलेले गृहस्थ. ५ जुलै १८५२ रोजी रॉचेस्टर शहरात त्यांनी विचारलं की तुमचा हा ४ जुलै गुलामासाठी काय आहे? इतकं जळजळीत भाषण क्वचितच झालं असेल. पण त्याच भाषणात त्यांनी राज्यघटनेला स्वातंत्र्याचा वैभवशाली दस्तऐवज म्हटलं. गुलामी यादवी युद्धानंतर, १८६५ मध्ये, कायद्याने संपली. पुढे १८७३ मध्ये महात्मा फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केला, तो काळ्या माणसांना दास्यातून सोडवण्यासाठी त्यांनी केलेल्या त्यागाची आठवण म्हणून. जोतीरावांना ती अमेरिका आदर्श वाटली, जिने आपली चूक स्वतःचं रक्त सांडून दुरुस्त केली. मला हा देश त्यांच्या नजरेतून पाहायला आवडतं.

६. शाळेत रोज सकाळी मुलं छातीवर हात ठेवून प्रतिज्ञा म्हणतात. आमच्या मुलीला म्हणावीच लागेल का?

सरकारी शाळेत सक्ती करता येत नाही. तिने शांतपणे बसून राहिलं तरी शिक्षा करता येत नाही.

आपण ‘भारत माझा देश आहे’ म्हणत मोठे झालो, म्हणून यात वावगं काही वाटत नाही. पण इथली प्रतिज्ञा झेंड्याला उद्देशून आहे. ती १८९२ मध्ये फ्रान्सिस बेलामी या धर्मोपदेशकाने एका मुलांच्या साप्ताहिकासाठी लिहिली. बेलामी समाजवादी विचारांचे होते, हे आज दोन्ही पक्षांतल्या अनेकांना ठाऊक नसतं. ‘देवाच्या छत्राखाली’ हे शब्द त्यात नव्हते. ते १९५४ मध्ये, सोव्हिएत रशियाशी शीतयुद्ध ऐन भरात असताना घातले गेले.

१९४० मध्ये सुप्रीम कोर्टाने ८ विरुद्ध १ मतांनी सांगितलं होतं की शाळा सक्ती करू शकते. खटला यहोवाचे साक्षीदार या पंथातल्या मुलांचा होता; देवाखेरीज कुणाला वंदन करायचं नाही अशी त्यांची श्रद्धा. निकालानंतर या पंथाच्या लोकांना गावोगावी मारहाण झाली. आणि मग १४ जून १९४३ रोजी, महायुद्ध पेटलेलं असताना, त्याच कोर्टाने ६ विरुद्ध ३ मतांनी निकाल फिरवला. न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांनी लिहिलं की राजकारण, राष्ट्रवाद किंवा धर्म यांत काय मानावं हे कुठलाही अधिकारी, लहान असो वा मोठा, ठरवू शकत नाही. देश लढत असताना असा निकाल देणं याला मी खरं धैर्य म्हणते. १९८५ मध्ये केरळातल्या याच पंथाच्या मुलांना राष्ट्रगीत न म्हटल्याबद्दल शाळेतून काढलं, आणि १९८६ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मुलांच्या बाजूने निकाल देताना या अमेरिकी निकालाची दखल घेतली होती.

दोन अपवाद लक्षात ठेवा. टेक्सास आणि फ्लोरिडामध्ये मुलाला सूट हवी असेल तर पालकांची लेखी चिठ्ठी मागतात. आणि खासगी शाळेला हा निकाल बंधनकारक नाही.

७. झेंडा जाळणं गुन्हा आहे का?

स्वतःच्या मालकीचा झेंडा निषेध म्हणून जाळणं हा गुन्हा ठरवता येत नाही. १९८४ मध्ये डॅलसला रिपब्लिकन अधिवेशनाबाहेर एका निदर्शकाने झेंडा जाळला. १९८९ मध्ये सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी त्याला सोडलं, आणि त्या पाचांत कट्टर रूढिवादी समजले जाणारे न्यायमूर्ती अँटोनिन स्कालियाही होते. काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, लगेच नवा कायदा केला, तो पुढच्याच वर्षी रद्द झाला. घटनादुरुस्तीचा प्रयत्न २००६ मध्ये सिनेट या वरिष्ठ सभागृहात एका मताने हुकला : ६६ मतं पडली, ६७ हवी होती.

ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी झेंड्याची विटंबना करणाऱ्यांवर इतर लागू कायद्यांखाली खटले भरावेत असा आदेश काढला. आदेशाने कोर्टाचा निकाल पुसला जात नाही. मात्र त्यात परदेशी नागरिकांच्या व्हिसाचाही उल्लेख आहे, म्हणून विद्यार्थी आणि कामाच्या व्हिसावरच्या मंडळींनी प्रश्न १४ जरूर वाचावा.

दुसऱ्याचा किंवा सरकारी झेंडा जाळणं, आग लावून धोका निर्माण करणं हे अर्थातच वेगळे गुन्हे आहेत.

मला स्वतःला झेंडा जळताना पाहवत नाही. पण न्यायमूर्ती अँथनी केनेडी यांनी त्या निकालात लिहिलं होतं की जे झेंड्याचा तिरस्कार करतात त्यांचंही तो रक्षण करतो. ते वाचलं आणि माझं मत बदललं.

८. राष्ट्रगीताला गुडघा टेकणाऱ्या खेळाडूंचं काय? तो अपमान नाही का?

२०१६ मध्ये कॉलिन कॅपर्निक हा फुटबॉलपटू काळ्या माणसांवरच्या पोलिसी अत्याचाराच्या निषेधार्थ राष्ट्रगीताच्या वेळी आधी बाकावर बसून राहिला होता. नेट बॉयर या माजी सैनिकाला ते लागलं. त्याने कॅपर्निकला जाहीर पत्र लिहिलं, मग दोघे भेटले. बॉयरने सुचवलं की बसू नकोस, गुडघा टेक, कारण सैनिक आपल्या मृत सोबत्याच्या थडग्यापाशी तसाच गुडघा टेकतात. १ सप्टेंबरला सॅन डिएगोमध्ये कॅपर्निक गुडघ्यावर होता आणि बॉयर त्याच्या शेजारी छातीवर हात ठेवून उभा. न पटणाऱ्या दोन माणसांनी एकत्र बसून काढलेली ही तोड होती. पुढच्या वर्षी ती पक्षांच्या भांडणात सापडली आणि बॉयरचं नाव कुणाच्या तोंडी राहिलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

कायद्याचं म्हणाल तर भाषणस्वातंत्र्याचं कलम सरकारला बांधतं, खासगी मालकाला नाही. कॅपर्निकला २०१६ च्या हंगामानंतर कुठल्याही संघाने खेळवलं नाही.

९. विरोधकाला ‘देशद्रोही’ म्हणायची रीत कधीपासूनची?

जवळपास पहिल्यापासूनची. १७९८ मध्ये, राष्ट्राध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स यांच्या काळात, सरकारची बदनामी हा गुन्हा ठरवणारा कायदा झाला. मॅथ्यू लायन हे व्हरमाँटचे विरोधी पक्षाचे काँग्रेस सदस्य त्याखाली चार महिने तुरुंगात गेले, आणि मतदारांनी त्यांना तुरुंगात असतानाच पुन्हा निवडून दिलं. १८०० च्या निवडणुकीत अ‍ॅडम्स हरले, जेफरसन जिंकले, आणि सत्ता शांतपणे बदलली. जेफरसन पहिल्याच भाषणात म्हणाले, ‘आपण सगळे रिपब्लिकन आहोत, आपण सगळे फेडरलिस्ट आहोत.’ (हा रिपब्लिकन पक्ष जेफरसन यांचा, आजचा नव्हे; फेडरलिस्ट हा अ‍ॅडम्स यांचा पक्ष.) अ‍ॅडम्स आणि जेफरसन यांच्यात पुढे १८१२ मध्ये पत्रव्यवहार पुन्हा सुरू झाला आणि मरेपर्यंत चालला. दोघेही एकाच दिवशी गेले, ४ जुलै १८२६ ला, जाहीरनाम्याला पन्नास वर्षं झाली त्या दिवशी.

१९५० च्या सुमारास सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांनी कम्युनिस्ट असल्याचे आरोप करत अनेकांची आयुष्यं उद्ध्वस्त केली. त्यांना सिनेटमध्ये सर्वांत आधी उभं राहून अडवणाऱ्यांत त्यांच्याच रिपब्लिकन पक्षाच्या मार्गारेट चेस स्मिथ होत्या. १ जून १९५० च्या भाषणात त्या म्हणाल्या की आपला पक्ष भीती, अज्ञान, द्वेष आणि चिखलफेक यांच्यावर स्वार होऊन जिंकावा अशी माझी इच्छा नाही.

राज्यघटनेत देशद्रोहाची व्याख्या मुद्दाम अरुंद ठेवली आहे. देशाविरुद्ध युद्ध पुकारणं किंवा शत्रूला सामील होऊन मदत करणं, एवढंच. त्यासाठी एकाच उघड कृतीचे दोन साक्षीदार किंवा भर कोर्टात कबुली लागते. टीव्हीवर हा शब्द ऐकलात तर ही व्याख्या आठवा.

१०. भांडणं जुनीच असतील तर आजची दुफळी इतकी खोल का वाटते?

कारण पूर्वी दोन्ही पक्षांत सगळ्या प्रकारची माणसं होती. १९६४ चा नागरी हक्क कायदा सिनेटमध्ये ७३ विरुद्ध २७ मतांनी झाला, तेव्हा ३३ पैकी २७ रिपब्लिकन आणि ६७ पैकी ४६ डेमोक्रॅट बाजूने होते. विरोधात होते ते मुख्यतः दक्षिणेतले डेमोक्रॅट. भांडण पक्षापक्षांत नव्हतं, प्रत्येक पक्षाच्या पोटात होतं. त्यानंतर दक्षिणेतले रूढिवादी गोरे मतदार हळूहळू रिपब्लिकन झाले, उत्तरेतले उदारमतवादी रिपब्लिकन नाहीसे झाले. २०१० मध्ये आरोग्य विम्याच्या कायद्याच्या अंतिम मतदानात एकाही रिपब्लिकनने बाजूने मत दिलं नाही.

आता पक्षाबरोबर बाकीचंही जुळून येतं : शहर की खेडं, कॉलेज झालेलं की नाही, चर्चला जाता की नाही. त्यामुळे समोरचा फक्त वेगळं मत देणारा राहत नाही, सगळ्याच बाबतींत परका वाटू लागतो. १९६० मध्ये विचारलं होतं की तुमच्या मुलाने किंवा मुलीने दुसऱ्या पक्षाच्या घरात लग्न केलं तर वाईट वाटेल का? जेमतेम ५ टक्के हो म्हणाले. २०१० मध्ये रिपब्लिकनांतले जवळपास निम्मे आणि डेमोक्रॅटांतले एकतृतीयांश हो म्हणाले. जातीबाहेरच्या लग्नांवरून घरं फुटताना आपण पाहिली आहेत, त्यामुळे या आकड्याचा अर्थ मराठी माणसाला वेगळा समजावून सांगायला नको.

यंत्रणाही आगीत तेल ओतते. उमेदवार आधी पक्षांतर्गत निवडणुकीत ठरतो, तिथे थोडे आणि कडवे मतदार येतात. मतदारसंघांच्या सीमा बऱ्याच राज्यांत तिथला सत्ताधारी पक्ष आपल्या सोयीने आखतो. १८१२ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांच्या काळातला असा एक मतदारसंघ सॅलमँडर या प्राण्यासारखा दिसला, त्यावरून याला ‘गेरीमँडरिंग’ नाव पडलं. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की यातला पक्षीय अन्याय केंद्रीय कोर्टं दूर करू शकत नाहीत. २०२५ मध्ये टेक्सासने दशकाच्या मध्येच नकाशा बदलला आणि कॅलिफोर्नियाने मतदारांकडून मंजुरी घेऊन उत्तरादाखल आपला बदलला. जागा आधीच पक्की असेल, तर निवडून आलेल्याला विरोधी मतदाराची भीती उरत नाही, फक्त स्वतःच्या पक्षातल्या जास्त कडव्या माणसाची उरते. माझ्या मते रोगाचं मूळ इथे आहे.

किंमत सामान्य माणूस मोजतो. १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५, असे ४३ दिवस केंद्र सरकारचा बराचसा कारभार बंद होता. तोवरचा सर्वांत लांब. विमानं उतरवणारे नियंत्रक पगाराविना काम करत होते.

११. पक्ष बाजूला ठेवून देश आधी ठेवल्याचं खरं उदाहरण आहे का?

आहेत. मला सर्वांत जवळचं वाटतं ते डेमोक्रॅट उमेदवार अल गोर यांचं. २००० मध्ये देशभरात त्यांना जास्त मतं होती, फ्लोरिडात ते ५३७ मतांनी मागे पडले, आणि सुप्रीम कोर्टाने फेरमोजणी थांबवली. १३ डिसेंबरला हार मानताना त्यांनी स्टीफन डग्लस यांचे शब्द सांगितले, जे १८६० ची निवडणूक हरल्यावर त्यांनी लिंकनना उद्देशून काढले होते : ‘पक्षभावनेने देशभक्तीपुढे नमतं घेतलं पाहिजे. मी तुमच्याबरोबर आहे.’ मग ६ जानेवारी २००१ रोजी उपराष्ट्राध्यक्ष म्हणून स्वतःच्या पराभवाची मोजणी गोर यांनीच चालवली, आणि त्यांच्यासाठी हरकत घेऊ पाहणाऱ्या स्वपक्षीयांना नियमावर बोट ठेवून खाली बसवलं.

२००८ मध्ये मिनेसोटातल्या सभेत एका बाईंनी ओबामा अरब असल्याचं म्हटलं, तेव्हा रिपब्लिकन उमेदवार जॉन मकेन यांनी त्यांच्या हातून माइक घेतला. ओबामा सभ्य, कुटुंबवत्सल नागरिक आहेत आणि आमचे फक्त मतभेद आहेत, असं ते म्हणाले. त्यांच्याच सभेत त्यांची हुर्यो उडाली. (अरब असणं आणि सभ्य असणं यांत विरोध नाही, हे त्यांनी म्हणायला हवं होतं, ही टीका मला मान्य आहे. तरी माइक काढून घ्यायला लागणारं मन मोठंच.)

१२. ६ जानेवारी २०२१ ला संसदेवर चालून गेलेलेही स्वतःला देशभक्तच म्हणत होते. मग खरं कोण?

त्यातल्या पुष्कळांना मनापासून वाटत होतं की निवडणूक चोरली गेली आणि आपण १७७६ चीच परंपरा चालवतो आहोत. प्रामाणिक भावना होती म्हणून कृती बरोबर ठरत नाही. साठाहून अधिक दावे कोर्टात टिकले नव्हते, काही ट्रम्प यांनीच नेमलेल्या न्यायाधीशांसमोर. त्या दिवशी सुमारे १४० पोलीस जखमी झाले, आणि काहींवर वार झाले ते झेंड्याच्या काठ्यांनी. मोजणी रोखण्याचा दबाव असूनही उपराष्ट्राध्यक्ष माइक पेन्स यांनी, वीस वर्षांपूर्वी गोर यांनी केलं तेच केलं. जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी सुमारे १,५०० जणांना माफी दिली.

माझं उत्तर प्रश्न २ मध्ये आहे. शपथ राज्यघटनेची आहे, आणि त्या दिवशी सभागृहात चाललेली मोजणी हेच राज्यघटनेचं काम होतं. ते थांबवायला गेलेल्यांना मी देशभक्त म्हणू शकत नाही. पण ट्रम्प यांना मत देणाऱ्या किंवा त्या दिवशी चालून गेलेल्यांबद्दल सहानुभूती असणाऱ्या शेजाऱ्यालाही मी देशद्रोही म्हणणार नाही.

१३. भारतावर जीव असताना अमेरिकेचं देशभक्त होता येतं का?

कायद्याने : शपथेत परदेशी निष्ठा सोडावी लागते, आणि भारताच्या कायद्याप्रमाणे तुमचं भारतीय नागरिकत्व संपतं. भारतीय पासपोर्ट जमा करावा लागतो, मग ओसीआय कार्ड मिळू शकतं. सोडायची असते ती राजकीय निष्ठा. गणपती, भाषा आणि आईची आठवण सोडा असं शपथ सांगत नाही.

मनाने : याला भगतसिंग थिंड यांची गोष्ट हेच उत्तर. पंजाबातून आलेले थिंड पहिल्या महायुद्धात पगडी घालून अमेरिकी सैन्यात होते. तरीही १९२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे ते ‘गोरे’ नाहीत, म्हणून नागरिक होऊ शकत नाहीत. निकाल एकमताचा होता. ते इथेच राहिले, आणि १९३६ मध्ये माजी सैनिकांसाठीच्या कायद्याने नागरिक झाले. भारतीयांना नागरिकत्व खुलं झालं ते १९४६ मध्ये, आणि इमिग्रेशनचा कोटा होता वर्षाला शंभर. आज बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार मिशिगनमधून काँग्रेसमध्ये बसतात. मधला रस्ता दोन्ही पक्षांच्या माणसांनी मिळून बांधला. रिपब्लिकन रेगन यांनी पद सोडण्याच्या आदल्या दिवशीच्या भाषणात एका पत्राचा दाखला देऊन हेच सांगितलं होतं : फ्रान्समध्ये राहून तुम्ही फ्रेंच होत नाही, पण जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातून आलेला माणूस अमेरिकन होऊ शकतो.

१४. आम्ही अजून नागरिक नाही. मत, देणगी, मोर्चा यांतलं काय चालतं?

मतदान अजिबात नाही. केंद्रीय निवडणुकीत नागरिक नसताना मत देणं गुन्हा आहे आणि त्यावरून देशाबाहेर काढलं जाऊ शकतं. लायसन्स काढताना मतदार नोंदणीचा कागद पुढे आला तर सही करू नका. देणगी : ग्रीन कार्ड असेल तर देता येते, एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर नाही. पैसे न घेता, कार्यकर्ता म्हणून मदत करता येते. बोलण्याचं स्वातंत्र्य देशात असलेल्या सगळ्यांना आहे, पण व्हिसा देणं आणि काढून घेणं याबाबत सरकारचे अधिकार मोठे आहेत. म्हणून मोर्च्याला जाण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोला.

१५. झेंड्याचा टीशर्ट घालून मतदानाला गेलं तर चालतं का?

साध्या झेंड्याचा असेल तर सहसा कुणी अडवत नाही. उमेदवाराचं नाव किंवा प्रचाराची घोषणा असलेली टोपी, बिल्ला, शर्ट बऱ्याच राज्यांत मतदान केंद्रात चालत नाही. न्यू जर्सीत केंद्रापासून शंभर फुटांच्या आत प्रचाराला मनाई आहे.

अडचण मधल्या गोष्टींची असते. २०१० मध्ये मिनेसोटात एक मतदार ‘माझ्यावर पाय देऊ नका’ अशा अर्थाच्या जुन्या घोषणेचा शर्ट घालून आला. ती घोषणा स्वातंत्र्ययुद्धातल्या पिवळ्या सापाच्या निशाणावरची, पण शर्टावर टी पार्टी या आजच्या रूढिवादी चळवळीतल्या एका गटाचं चिन्हही होतं. हा १७७५ चा इतिहास की आजचा पक्ष? केंद्रावरच्या माणसाने अडवलं, शेवटी नाव लिहून घेऊन मत देऊ दिलं. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. २०१८ मध्ये कोर्टाने ७ विरुद्ध २ मतांनी राज्याचा तो नियम रद्द केला : मतदान केंद्रात शांतता ठेवण्याचा राज्याला हक्क आहे, पण नुसत्या ‘राजकीय’ या शब्दावर कुठला शर्ट चालेल आणि कुठला नाही हे केंद्रावरच्या कर्मचाऱ्याच्या मर्जीवर सोडता येत नाही. निकालाची तारीख १४ जून होती, म्हणजे झेंडा दिन.

शंका असेल तर वरून घालायला साधं जाकीट बरोबर ठेवा. नोव्हेंबरमध्ये रांगेत थंडीही असते.